ठेंगण्या स्वाराची मोटारसायकल

मोटारसायकल हें उंच, धिप्पाड पुरुषाचें वाहन, ही समजूत लोकांच्या मनांत खोलवर रुजलेली आहे. १९५५ सालीं मद्रासेस बुलेटची बांधणी सुरू झाली आणि लष्कर व पोलीस या दोन खात्यांच्या द्वारें ती गाडी लोकांच्या डोळ्यांत भरली. तेव्हांपासून स्वार म्हटला कीं रुंद खांद्यांचा, पिळदार मिशांचा, दोन्ही पाय जमिनीवर भक्कम रोवून उभा असलेला गृहस्थ, असेंच चित्र डोळ्यांपुढें येतें. वस्तुस्थिति मात्र या चित्राशीं जुळत नाहीं. भारतांतील प्रौढ पुरुषाची सरासरी उंची सुमारें १६५ सेंटिमीटर व स्त्रीची सुमारें १५२ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम पांच फूट, आहे. या देशांत उंच स्वार हाच अपवाद होय. असें असतां दुकानांत शिरलेल्या पांच फुटी गिऱ्हाइकाला विक्रेता प्रथम नखशिखान्त न्याहाळतो आणि मग हळूच कोपऱ्यांतील स्कूटरकडे बोट दाखवितो! त्यांत त्याचा दुष्ट हेतु नसतो. पण विचारहि नसतो.

हा प्रश्न हौसेचा नव्हे, पोटापाण्याचा कसा होतो हें पाहावयाचें असेल तर गडचिरोली जिल्ह्यांतील आरमोरीसारख्या तालुक्याच्या गांवीं जावें. वैनगंगेच्या खोऱ्यांतील हें गांव धानाचें आणि कोशाच्या कापडाचें. आगगाडी गांठावयाची तर वडशास जावें लागतें. जिल्ह्याचें ठिकाण सुमारें ३५ किलोमीटर दूर. हमरस्त्यावर एस. टी. आहे, परंतु हमरस्ता सोडून वैरागडच्या बाजूस किंवा त्याहीपलीकडे रानांत शिरलें कीं दिवसाकाठीं येणाऱ्या एखाद्या गाडीवर सगळा संसार चालवावा लागतो. अशा मुलखांतील आरोग्य उपकेंद्राची परिचारिका डोळ्यांपुढें आणावी. आदिवासी व डोंगराळ भागांत ३,००० लोकवस्तीमागें एक उपकेंद्र असा सरकारी दंडक आहे. गांवें लहान असल्यामुळें एवढी वस्ती पुरी होण्यास अनेक पाडे-टोले एकत्र धरावे लागतात. लस टोंचण्यास, बाळंतिणीची खबर घेण्यास, तापाचें रक्त तपासणीस आणण्यास ही बाई रोज या गांवाहून त्या गांवीं जाते. तिला स्वतःचें वाहन असेल तर तिचें काम तिच्या हातीं राहतें. नसेल तर तें भावाच्या, दिराच्या किंवा शेजाऱ्याच्या सवडीवर अवलंबून राहतें. आणि तिची उंची चार फूट अकरा इंच असेल तर घरांतील मंडळी म्हणतात, ‘बाई, तुझे पाय तरी टेंकतील का?’

या एका वाक्यांत सगळी अडचण सांठलेली आहे, आणि गैरसमजहि.

पहिली गोष्ट अशी कीं, मोटारसायकलीच्या दृष्टीनें माणसाची डोक्यापर्यंतची उंची बिनमहत्त्वाची आहे. महत्त्वाची ती पायाची आंतील लांबी. ती मोजणें अगदीं सोपें आहे. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभें राहावें, एक जाडसर पुस्तक दोन पायांमध्यें धरून वर घट्ट टेंकवावें आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचें अंतर दुसऱ्याकडून मोजवून घ्यावें. १५० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचें हें माप बहुधा ६७ ते ७० सेंटिमीटर भरतें. पण सारख्याच उंचीच्या दोन बहिणींच्या पायांत दोन-तीन सेंटिमीटरांचा फरक सहज सांपडतो. म्हणून अमकीला जी गाडी जमली ती तमकीला जमेलच असें नाहीं.

आतां कारखानदारांनीं दिलेले बैठकीच्या उंचीचे आंकडे पाहावेत. हीरोच्या स्प्लेंडरची बैठक ७८५ मिलिमीटर, होंडाच्या शाईन १०० ची ७८६, बुलेट ३५० ची ८०५, रॉयल एन्फील्डच्याच मीटिअर ३५० ची ७६५ आणि बजाजच्या अॅव्हेंजरची तर अवघी ७३७. हे आंकडे वाचून ७० सेंटिमीटर पायाच्या माणसाचा धीर सुटणें स्वाभाविक आहे, कारण यांतील सर्वांत बुटकी गाडीहि त्याच्या पायाहून उंच निघते. परंतु छापील आंकडा रिकाम्या गाडीचा असतो. स्वार बसतांच स्प्रिंगा दबतात आणि बैठक दोन-एक सेंटिमीटर खालीं येते. बुटाच्या तळव्याची जाडी आणखी दोन-अडीच सेंटिमीटर मिळवून देते. टांच उचलून चवड्यावर उभें राहिलें कीं पांच-सात सेंटिमीटरांची भर पडते. या मिळकतींतून एक गोष्ट वजा होते, ती म्हणजे बैठकीची रुंदी. गादी पुढच्या अंगास जितकी रुंद, तितक्या मांड्या फांकतात आणि तितका पाय तोकडा पडतो. म्हणूनच कागदावर बुटकी दिसणारी एखादी रुंद बैठकीची स्कूटर प्रत्यक्षांत स्प्लेंडरसारख्या निमुळत्या गाडीहून उंच वाटते. हा सर्व जमाखर्च मांडला म्हणजे असें दिसतें कीं ७० सेंटिमीटर पायाच्या स्वाराला ७८५ मिलिमीटरच्या निमुळत्या बैठकीवरून, किंचित् एका बाजूस सरकून, एका पायाचा चवडा जमिनीवर पक्का टेंकवितां येतो. आणि मोटारसायकल थांबविण्यास एकच पाय लागतो. दोन्ही तळवे सपाट टेंकलेच पाहिजेत, हा नियम कोणी केला तें कळत नाहीं. पण त्या नियमानें पुष्कळ लोकांना उगाच घरीं बसविलें आहे.

जे हलकें शरीर घेऊन गाडीवर बसतात त्यांच्यासाठीं येथेंच एक सूचना. पंचेचाळीस किलोंच्या माणसाखालीं स्प्रिंग फारशी दबत नाहीं. बहुतेक गाड्यांच्या मागील स्प्रिंगेस ताण कमी-अधिक करण्याचे खांचे असतात. कारागिराला सांगून ती सर्वांत सैल खांचेवर ठेववावी. खर्च कांहीं नाहीं, आणि एखादा सेंटिमीटर पदरांत पडतो.

उंचीची चर्चा एवढी होते, पण वजनाविषयीं कोणी फारसें बोलत नाहीं. वास्तविक ठेंगण्या माणसाचा खरा शत्रु वजन हाच आहे. सरळ उभ्या गाडीला तोलून धरण्यास एक बोटहि पुरतें. गाडी कलूं लागली म्हणजे मात्र वजन अंगावर येतें. साधा हिशेब केला तर स्प्लेंडरसारखी ११२ किलोंची गाडी दहा अंश कलली असतां हँडलापाशीं तिला सांवरण्यास सुमारें १२ किलोंचा जोर लागतो. १९५ किलोंच्या बुलेटला तितक्याच कलांत २१ किलोंचा. कल वीस अंशांचा झाला कीं हे आंकडे दुप्पट होतात. १२ किलो म्हणजे पाण्यानें भरलेली मध्यम कळशी, ती कोणतीहि बाई कमरेवर घेते. पण चवड्यावर उभें राहून, एका पायाच्या आधारानें, ४० किलोंचा जोर लावणें हें भल्या पहिलवानालाहि जड जाईल. ज्याचा पाय तोकडा त्याच्या गाडीला कल जास्त होईपर्यंत आधार मिळत नाहीं. म्हणून त्याच्या वांट्यास वजनहि अधिक येतें. उंच माणसाला जड गाडी परवडते याचें कारण त्याची ताकद नसून, त्याचा पाय लवकर टेंकतो हें आहे.

या कसोटीवर वरील गाड्या पुन्हां घांसून पाहिल्या तर निवाडा बदलतो. अॅव्हेंजरची बैठक सर्वांत बुटकी. परंतु २२० च्या प्रकाराचें वजन १६३ किलो, लांबी मोठी, आणि पायदाणें पुढें सरकविलेलीं. आंखूड पायाच्या माणसाला तेथवर पाय पोहोंचविण्यासाठीं कंबर ताणावी लागते. हमरस्त्यानें गडचिरोलीस जातांना ती सुखाची. पण पांदणींत चिखल पाहून मागें वळवावयाची वेळ आली कीं तिच्या लांबीचा जाच कळतो. मीटिअर सुंदर आहे. तथापि १९१ किलो हा नवशिक्याचा खेळ नव्हे. शाईन १०० चें वजन ९९ किलो आहे. त्यामुळें आरमोरीच्या परिचारिकेनें, पांच फुटांच्या शिक्षकानें किंवा नुकत्याच अठरा वर्षांच्या झालेल्या मुलीनें आरंभ करावयाचा तर या शंभर सी. सी. च्या हलक्या गाड्यांतूनच करावा, हें उघड आहे. त्यांची दुरुस्ती गांवोगांवीं होते, सुटे भाग वडशास किंवा ब्रह्मपुरीस मिळतात, आणि पेट्रोल बेताचें लागतें. हौशी तरुणांना या गाड्या दूधवाल्याच्या वाटतात, वाटोत बापड्या.

बुटक्या गाडीचा एक दोषहि सांगितला पाहिजे. बैठक खालीं येते ती कित्येकदां पोट खालीं आणून, आणि पोट खालीं आलें कीं तें दगडाला लागतें. हमरस्त्यावर याचें कांहीं वाटत नाहीं. पण रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टरांच्या लोखंडी चाकांनीं बांधींतला चिखल डांबरावर आणून टांकलेला असतो आणि आंतील रस्त्यांवर खोल चाकोऱ्या पडलेल्या असतात. तेथें पोटाखालीं १६५ मिलिमीटर मोकळीक असलेली स्प्लेंडर बरी निभावते. चाकाच्या व्यासाचेंहि तसेंच. स्कूटरचें दहा किंवा बारा इंची चाक ज्या खड्ड्यांत बुडतें, तो खड्डा अठरा इंची चाक ओलांडून जातें. लुगडें नेसून बसावयाचें असेल, पायाशीं पिशवी ठेवावयाची असेल आणि रस्ता डांबरी असेल तर स्कूटर निःसंशय सोयीची; परंतु रान, चिखल व दगड हेंच नित्याचें असेल तर मोटारसायकल किंवा मोठ्या चाकाची मोपेड घ्यावी. मोपेडला कमी लेखण्याचें कारण नाहीं. १९७२ सालीं किनेटिक कंपनीची लूना बाजारांत आली, तेव्हां महाराष्ट्रांतील कित्येक शिक्षिका व परिचारिका प्रथमच कोणाच्या मागें न बसतां कामावर जाऊं लागल्या. पुढच्याच वर्षीं ‘बॉबी’ चित्रपटांत राजदूतची एक चिमुकली मोटारसायकल झळकली आणि लहान चणीच्या गाडीसहि रूप असूं शकतें हें लोकांना दिसलें. दुर्दैवानें ती फॅशन टिकली नाहीं.

दुकानांत गेल्यावर काय पाहावें? नेहमीं वापरावयाचे तेच बूट घालून जावें; सैल चपला घालून माप घेण्यांत अर्थ नाहीं. गाडी मधल्या स्टँडवर असतांना बसून पाहण्यानें कांहींच कळत नाहीं. ती खालीं उतरवून, पलीकडे एक माणूस उभा करून, मग बसावें. डावा पाय टेंकवून पाहावा, नंतर उजवा. हँडल एका टोकापर्यंत वळवावें आणि दूरचा हात मोकळा पोहोंचतो कीं खांद्यापासून ताणला जातो तें पाहावें. क्लच व ब्रेक यांच्या दांड्या बोटांच्या पहिल्या पेरांत येतात कीं दुसऱ्या, हें तर फार महत्त्वाचें आहे. ठेंगण्या माणसाचे हातहि बहुधा लहान असतात, आणि घाटापेक्षां बाजारांतल्या गर्दींतच क्लच दाबून बोटें दुखतात. शेवटीं गाडी बंद असतांना डाव्या अंगानें उभें राहून ती दहा पावलें ढकलावी व दहा पावलें मागें ओढावी. जी गाडी ढकलवत नाहीं ती विकत घेऊं नये, मग बैठक कितीहि बुटकी असो. स्टँडवर चढवितांना हातांनीं उचलण्याचा यत्न व्यर्थ आहे. स्टँडच्या टोंकावर उजव्या पायानें सगळें शरीराचें वजन द्यावें, गाडी आपोआप मागें चढते. ही युक्ति जमली कीं ४५ किलोंची बाई ११२ किलोंची गाडी उभी करते आणि पाहणारा चकित होतो.

किकविषयीं एक शब्द. बटणानें सुरू होणारी गाडीच घ्यावी, कारण उंच बैठकीवरून किक मारतांना आंखूड पायाच्या माणसाचा तोल जातो. परंतु केवळ बटणावर विसंबूं नये. किकहि असावी, आणि ती मधल्या स्टँडवर गाडी चढवून मारण्याची संवय ठेवावी. या भागांत गाडी वाटेंत बंद पडणें ही गमतीची गोष्ट नव्हे. आरमोरी-वडशाच्या जंगलांत वाघांची वस्ती आहे. अनेक माणसांचा बळी घेतलेला एक वाघ २०२२ च्या ऑक्टोबरांत वडसा वनविभागांत पकडावा लागला होता. सांजवेळीं रानांतल्या रस्त्यावर बॅटरी उतरलेली गाडी घेऊन उभें राहण्याची पाळी कोणावर न यावी.

गाडी घेतल्यावर तिच्यांत फेरफार करण्याचा मोह होतो. त्यांतला एकच फेरफार निर्धास्त करावा: गादीवाल्याकडे जाऊन पुढच्या अंगाचा फोम दोन-तीन सेंटिमीटर कमी करून घ्यावा आणि दोन्ही कडा निमुळत्या करवाव्यात. जुनी गादी जपून ठेवली म्हणजे गाडी विकतांना नुकसान होत नाहीं. स्प्रिंगा कापून किंवा बदलून सबंध गाडीच खालीं आणणें मात्र टाळावें. गाडी खालीं येते, पण बाजूचा स्टँड पूर्वींच्याच लांबीचा राहतो. त्यामुळें ती स्टँडवर कलून उभी राहण्याऐवजीं जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्याच्या झुळुकीनेंहि उलट बाजूस पडते. पोट दगडाला घांसतें तें वेगळेंच.

ज्याचा पाय तोकडा त्यानें थांबण्याची कला शिकावी. चालविण्याची पुढें येतेच. येथें एक बारीक गोष्ट आहे, ती शिकविणारे क्वचितच सांगतात. पावसाचें पाणी वाहून जावें म्हणून रस्ता मध्यें उंच व कडेला उतरता बांधलेला असतो. आपल्याकडे डाव्या बाजूनें चालावयाचें. साहजिकच अगदीं कडेला थांबलें कीं डाव्या पायाखालची जमीन खालीं गेलेली असते. उंच स्वाराला तें जाणवतहि नाहीं. ठेंगण्याचा पाय मात्र हवेंत राहतो आणि गाडी त्याच बाजूस झुकते. नवशिक्यांचें पडणें वेगांत कमी आणि असें उभ्याउभ्याच अधिक होतें. त्यासाठीं थांबण्याची जागा आधींच हेरावी. उतार सुरू होण्यापूर्वीं, सपाट डांबरावर, जमल्यास एखाद्या उंचवट्याशेजारीं थांबावें. चाकोरींत पाय कधींहि टाकूं नये. शेवटचीं दोन पावलें उरलीं कीं कंबर किंचित् डावीकडे सरकवावी, उजवा पाय मागच्या ब्रेकवरच ठेवावा आणि एकच पाय खालीं आणावा. दोन्ही पाय लोंबकळवीत, चांचपडत थांबण्यानें ब्रेक सुटतो व तोलहि जातो. गाडी लावतांना तिचें तोंड नेहमीं बाहेर निघण्याच्या दिशेस, आणि उतार असेल तर चढाकडे, करून लावावें. चवड्यावर बसून गाडी मागें चढावर रेटणें अशक्यप्राय असतें. मागें बसणाऱ्यानें स्वारानें सांगितल्यावांचून चढूं अथवा उतरूं नये. तांदळाचें पोतें न्यावयाचें तर तें मध्यावर व खालच्या बाजूस बांधावें. पहिले दोन महिने मागें माणूस किंवा ओझें घेऊंच नये हें उत्तम.

उंचीवांचून कांहीं अडतें अशी ज्यांची अजूनहि खातरी असेल त्यांनीं स्पेनच्या दानी पेद्रोसा याचें उदाहरण लक्षांत घ्यावें. सुमारें १६० सेंटिमीटर उंचीचा आणि जेमतेम पन्नास किलोंचा हा गृहस्थ दीडशे किलोंहून जड अशा शर्यतीच्या गाडीवर बसून जगांतील सर्वश्रेष्ठ श्रेणीच्या ३१ शर्यती जिंकला. २००३, २००४ व २००५ अशीं लागोपाठ तीन वर्षें लहान श्रेणींतील जगज्जेतेपद त्याच्याकडे होतें. सर्वांत वरच्या श्रेणीचें अजिंक्यपद मात्र त्याला कधींच मिळालें नाहीं, आणि त्याच्या हलक्या देहाचा त्यांत किती भाग होता यावर जाणकार अजून वाद घालतात. आरमोरीच्या रस्त्यावर तो वाद उद्भवण्याचें कारण नाहीं.

कायद्याची बाजू थोडक्यांत. गियरच्या मोटारसायकलीसाठीं वयाचीं १८ वर्षें पुरीं झालेलीं असावीं लागतात. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, आणि तो मिळाल्यावर ३० दिवसांनीं पक्क्या परवान्याची परीक्षा देतां येते; तोंपर्यंत गाडीवर पांढऱ्या पाटीवर तांबडा ‘एल’ लावावा. गडचिरोली जिल्ह्याच्या गाड्यांना एम. एच. ३३ हा क्रमांक मिळतो. शिरस्त्राण आय. एस. आय. चिन्हाचेंच घ्यावें, आणि लहान मापाचें मागून घ्यावें. घरांतील पुरुषाचें सैल शिरस्त्राण डोक्यावर नुसतें डुलतें, पडतांना तें आधीं निघून जातें. गाडीच्या मागील चाकावर कपडे गुंतूं न देणारी जाळी असणें हाहि नियम आहे. ओढणी व पदर यांच्या बाबतींत तो अक्षरशः जीव वांचवितो.

शिकण्यास उत्तम काळ म्हणजे धान निघाल्यानंतरचा. पावसाळ्यांत या मुलखांत शिकूं नये. २०२० च्या ऑगस्टअखेर गोसीखुर्द धरणांतून सोडलेल्या पाण्यानें वैनगंगेस महापूर आला तेव्हां तर मोठमोठे रस्तेच बंद पडले होते. दिवाळीनंतर जमीन कोरडी होते, बांध्या मोकळ्या होतात आणि शाळेचें पटांगण सकाळीं रिकामें असतें. सायकल येत असेल तर तोलाचें शिक्षण झालेलेंच आहे. राहतो तो क्लच. पहिला आठवडा केवळ क्लच हळू सोडून दहा हात जावें व थांबावें. दुसरा आठवडा डावीकडे, उजवीकडे वळून थांबावें. तिसऱ्या आठवड्यांत मुद्दाम उतरत्या कडेला थांबून पाहावें, शेजारीं कोणी आधाराला ठेवून. मग पहांटेची रहदारी नसतांना रस्त्यावर यावें. एक सावधगिरी मात्र बाळगावी: हा झाडीपट्टीच्या नाटकांचाहि हंगाम असतो, आणि रात्रभर नाटक पाहून पेंगत घरीं परतणारीं माणसें त्याच पहांटे त्याच रस्त्यानें गाड्या हांकीत येत असतात. दिवस चांगला वर आल्यावर निघालेलें बरें.